निरंक

पावणेदोनला पुन्हा आपटलं.
तीनशे अकरा प्रकल्प, प्रत्येकाची यादी वाचायची:
कोण कुणावर अवलंबून, कुठली आवृत्ती. एवढंच.
दोनशे चारच्या फायलीत ती यादीच नव्हती
आणि माझा जावास्क्रिप्टचा कोड, आपलंच घर असल्यासारखा,
नसलेल्या पायरीवर अंधारात
पाय टाकून मोकळा झाला.

लाल ओळ. अनडिफाइन्ड.
भदौरियाचा मेसेज: यादी नसेल तिथे
रिकामा महिरपी कंस धर आणि झोप जाऊन.
धरला.
सगळं हिरवं. तीनशे अकरापैकी तीनशे अकरा.

बाहेर कंपूच्या चौकात कुत्री भांडत होती.
आई पाणी प्यायला उठली,
चौतीस वर्षं ग्वाल्हेरचं ए.जी. ऑफिस, पेन्शनच्या फायली,
अजून पेपरही रकान्यावर बोट ठेवून वाचते.
"काय हरवलंय?"
"यादी. एका फायलीत नाहीये."
"नाहीये म्हणजे? रिकामी आहे, की कुणी लिहिलीच नाही?"

मग उभ्या उभ्याच, पेला हातात,
श्योपूरच्या कुणा वनरक्षकाचं सांगत बसली.
अवलंबित व्यक्तींचा रकाना कोरा.
आडवी रेघ नाही, निरंक नाही, काही म्हणजे काही नाही.
"मला वाटलं, कुणी नसेल बिचाऱ्याला.
मीच लिहिलं निरंक. हिरवी शाई तेव्हा नवीनच मिळाली होती.
तीन वर्षांनी पोरगी आली,
शाळेचा दाखला दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
फाईल कुठे अडलीच नव्हती ना,
कळणार कुणाला?"

पेला विसळला, पालथा घातला, गेली.

मी कंस पुसला.
नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, त्याला लागून टिंब:
आहात का? असाल तरच पुढे येते.
उत्तर आलं नाही तर पडायचं नाही,
पण हिरवंही व्हायचं नाही.
पिवळी ओळ, फायलीच्या पूर्ण पत्त्यासकट:
यादी आढळली नाही. मालकाला विचारा.
आणि ज्यांची यादी खरंच रिकामी आहे, लिहून रिकामी,
त्यांच्यापुढे शून्य. तो त्यांचा हक्क.

तीनशे दहा वाचल्या, एक बाकी.
भदौरिया सकाळी कुरकुरणार,
क्लायंटला असा आकडा दाखवायचा कसा म्हणून.

लॅपटॉप मिटताना आठवलं,
त्या पोरीचं नाव
आईला विचारायचं राहिलं.