सरांचा डबा

सर स्वतः आले. मे महिन्याच्या दुपारी,
डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून, इंदोऱ्याच्या आमच्या जिन्यावर
दोनदा थांबत. हातात स्टीलचा डबा,
डब्यात संत्रा बर्फी, आणि झाकणावर
रबर लावून ठेवलेलं नेमणुकीचं पत्र.

"काटोलच्या अंगाला कारखाना आहे, बस घरापर्यंत येते.
पगार आत्ताच्या दुप्पट. मी शब्द टाकलाय."
चिंतलवार सरांनी आयुष्यात फार कमी शब्द टाकले.
एक माझ्या फीसाठी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी,
आणि कोणाला कळू दिलं नाही.

कूलरमध्ये पाणी ओतता ओतता विचारलं,
काय बनतं तिथे?
"खाणीतले बार," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं,
वाळ्याच्या ताटीकडे पाहत,
"नव्या शेडमध्ये दुसरं. सरकारी ऑर्डर आहे.
तुझं टेबल तिथे."

बार मला माहीत आहेत.
बाबा वलनीच्या खाणीत शॉटफायरर होते.
भोकात दारू भरायची, तार ओढायची, शिट्टी,
आणि सगळे मागे आले का, ते मोजायचं.
झोपेतही मोजायचे.
त्या मोजणीवर मी वाढले, म्हणून स्फोटाला
सरसकट पाप म्हणायचा तोरा माझ्याजवळ नाही.
पण नव्या शेडमधला माल जिथे फुटेल
तिथे शिट्टी वाजत नाही,
मागे आलेली माणसं कोणी मोजत नाही.

रात्री पत्र लिहायला बसले.
पहिला कागद : आईची तब्येत.
आई आतल्या खोलीत सीरियल पाहत सुपारी कातरत होती.
दुसरा : रात्रपाळी जमणार नाही.
हिंगण्याला रंगाच्या कारखान्यात सहा वर्षं रात्रपाळीच केली,
शिफारसपत्र सरांचंच होतं.
तिसरा : मी तत्त्वानं
इथेच फाडला.
सरांचा धाकटा निखिलेश त्याच कारखान्यात आहे.
तत्त्व वाढलं की ते त्याच्याही ताटात पडतं.

अडचण अशी,
की रोज विहारात ज्या पाच ओळी म्हणते
त्यातली पहिली मला तिथे जाऊ देत नव्हती,
आणि चौथी मला आईला आजारी पाडू देत नव्हती.
उरलेल्या तिघी स्वस्थ बसून होत्या.

"काहून जागी आहेस?" आई म्हणाली.
सरांना नाही म्हणायचंय.
अडकित्ता थांबला.
"म्हण ना मग. पण डबा रिकामा देऊ नको."

पहाटे सांबार निवडला. खोबरं, खसखस भाजली.
वड्या तळून झाल्यावर, बोटांना तेलाचा वास असतानाच
चौथा कागद लिहिला :

सर, माझ्यासाठी तुम्ही भर उन्हात जिना चढलात.
त्या शेडमध्ये मला काम करता येणार नाही.
कारण तब्येत नाही, पगार नाही, रात्रपाळी नाही.
ते माझ्या आतलं आहे. त्याचं तुमच्याशी
किंवा निखिलेशशी भांडण नाही.
तुमचा शब्द खाली पडला; मी पाडला.
याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहील.
उत्पला नारनवरे

त्रिमूर्तीनगरला सरांनीच दार उघडलं.
आधी डबा उघडला. उभ्यानंच एक वडी मोडली.
"तिखट झाली."
हो सर.
मग चष्मा शोधून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं,
दुसऱ्यांदा खिशातला लाल पेन काढून,
जुन्या सवयीनं.
एक वेलांटी दीर्घ केली.
बाकी कशाला हात लावला नाही.

कागदाची घडी खिशात गेली.
बराच वेळ फक्त कूलरचा आवाज.
मी चपला घालत होते तेव्हा मागून म्हणाले,
"ऊन आहे. तोंड बांधून जा."