पावती, ७५ पैकी ३१

डंडीच्या गोदीवर मोरॅगचं प्रदर्शन.
ब्रॉन्झची ट्रॉली, एक चाक वाकडं,
तेही ओतीव.
चिप्सचं चुरगळलेलं पाकीट संगमरवरी.
हात लावू नका, म्हणे.

भिंतीवर माणसाएवढी पावती:
पाव, मांजराचं खाणं,
मेणबत्ती, आठचा आकडा.
खाली फिकट शाईत
‘आपल्या सेवेत: शालन. गल्ला चार.’

तो गल्ला आता नाही. तिथं यंत्र बोलतं.

पण ती मेणबत्ती आठवते.
बारकोड लागेना,
मी आकडे हातानं टाकले.
नुसता आठ? विचारलं, तर म्हातारा म्हणाला,
शून्य आहे घरी, सत्तरीचं जपून ठेवलेलं.

किंमत साडेचारशे पौंड. सही मोरॅगची.
मी पर्समधून पेन काढलं,
रखवालदाराकडे पाहिलं
आणि परत ठेवलं.