चौदा नंबर

वेताळ टेकडीवर आम्ही बेचाळीस डबे टांगले,
गिरिपुष्पाच्या खोडांना, सुतळीनं.
प्रत्येकात दोन पेन्सिल सेल.
मातीची ओल मोजायची
आणि शेजाऱ्याच्या कानात सांगायची,
एवढंच काम.

सगळ्यांना जवळची वाट हवी होती.
जवळची वाट चौदा नंबरवरून जायची.
अकराव्या दिवशी तो गप्प झाला.
त्याची स्वतःची ओल
तोवर कुणी विचारलीच नव्हती.

बागवानचाचा सेल बदलायला चढले, गुडघा धरत.
म्हणाले, मॅडम, ह्याच्याच डोक्यावर सगळ्यांचं कशाला?
आमच्या आपाचं असंच झालं.
पुढं बोलले नाहीत. पेचकस मागितला.

खाणीच्या कडेला मुंग्या
मेलेला नाकतोडा ओढत होत्या.
रांग मोडून एक भलतीकडेच निघाली,
मी तिच्यामागं वाकून वाकून
चप्पल तुटेस्तोवर.

वास उडतो, म्हणून वाट बदलते.
एवढं कळायला मला तीन वर्षं
आणि गाइडची बोलणी लागली.
रात्री कोडमध्ये एकच ओळ घातली:
ज्याचा सेल उतरलाय
त्याच्या वाटेवरचा वास लवकर उडू दे.
बाकीच्यांनो, वळसा घ्या.

आज चाळिसावा दिवस.
निरोप पाषाणच्या उतारानं फिरून येतात,
जरा उशिरा, धापा टाकत.
पहाटे चौदा नंबर बोलला, फक्त स्वतःचं:
ओल, नऊ टक्के.
कोरडाच की रे तू.

चाचांना फोन लावला.
मागं रिक्षाचा आवाज.
नंतर बोलू, म्हणाले,
कोंढव्याला निघालोय, आपाकडं.