क्ष

लष्करातल्या मराठी शाळेत दिगूदादा गणित शिकवायचा.
फळ्यावर पहिली ओळ ठरलेली:
समजा, ती संख्या क्ष आहे.
मागच्या बाकावरून एकदा कुणी विचारलं,
मास्साब, समजायचीच तर पाच का नाही समजत?
दादा म्हणाला, जे ठाऊक नाही
त्याला आधी बसायला जागा द्यावी,
मग चारी बाजूंनी घेरावं.

तुझं नाव त्याला कळलं असतं तर मोठ्यानं हसला असता.
कावीळ आणणाऱ्या त्या विषाणूचा मजकूर केवढासा,
तीन हजार दोनशे अक्षरं, एका कार्डावर मावतील अशी.
वाचणाऱ्यांना तिघांची कामं लागली:
एक अंगरखा, एक पेटी, एक नकलनवीस.
चौथा तू. एकशे चोपन्न मणी ओवलेला.
काय करतोस ते कळेना,
म्हणून लिहून ठेवलं, एक्स.
आमचा क्षच की.

तेहेतीस वर्षं मी कंपूतल्या दवाखान्यात काप काढले.
मेणातला तुकडा, पातं, कोमट पाण्यावर तरंगणारी फीत,
ती काचेवर अलगद उचलून घ्यायची.
दादाचा तुकडा आला तेव्हा त्यावर फक्त नंबर होता.
नंबर मीच चढवला होता रजिस्टरात.
रंग दिला, धुतला, नळीखाली धरला.
काही पेशी धुरकट दिसल्या,
न्हाणीघराच्या खिडकीला असते तशी काच:
आत कुणी आहे, एवढंच कळतं.
शेजारी दुसऱ्या. त्यांच्याबद्दल मी साहेबांना विचारलं नाही.
बाहेर थंडीत गजक कुटण्याचा आवाज येत होता.

तुझं काम मी फार उशिरा वाचलं,
निवृत्त झाल्यावर, चष्मा बदलून.
तू सुरा चालवत नाहीस.
पेशीच्या गाभ्यात एक पहारा असतो,
धाग्याभोवती कडं घालून बसणारा.
परकी दोरी आली तर तिला मुकी करतो,
आपली तुटली तर सांधायला धावतो.
दोन्ही कामं त्या एकाच पहाऱ्याची.
आणि पेशीचंच एक जुनं खातं आहे,
निकामी माल ओळखून मोडीत काढणारं.
तू तिथल्या बाबूच्या खांद्यावर हात ठेवतोस
आणि पहाऱ्याकडे बोट दाखवतोस. बस्स.
शिक्का पेशीचा, सही पेशीची, गाडीसुद्धा तिचीच.
वडलांची मिल अशीच बंद पडली.
कुणी आग लावली नव्हती.

तेवढ्यानं कर्करोग होत नाही म्हणा.
आणखी पुष्कळ बिघडावं लागतं, आणि वेळ जावा लागतो,
तीस वर्षं, चाळीस.
तुटलेलं तसंच राहतं, त्यावर नवं उगवतं,
एखादा तुकडा तुझा आमच्यातच शिवला जातो.
तेवढ्यात दादाचं लग्न झालं,
दहावीच्या किती तुकड्या पास होऊन गेल्या.
शिरला कधी तो विषाणू?
सातव्या वर्षीची ती काचेची पिचकारी,
स्पिरिटच्या दिव्यावर नुसती फिरवलेली सुई?
की जन्मताच, आईकडून?
आईला विचारायला आई नव्हती.
मी माझं रक्त तपासलं. कोरं निघालं.
आता बाळांना पहिल्याच दिवशी लस टोचतात.
ती मांडीला टोचताना बाळं जी रडतात,
ते मला उभं राहून ऐकावंसं वाटतं.

एक राहिलं.
शेवटच्या महिन्यात वहिनीनं दादाचा पेला वेगळा केला.
पेल्यानं, ताटानं, जवळ बसल्यानं हे लागत नाही,
घरात हे नक्की ठाऊक असलेली मी एकटी.
वहिनी खिळ्यानं पेल्याच्या बुडाला फुली काढत होती,
मी शेजारी मेथी निवडत होते.
मी बोलले नाही.

दादानं पेला उलटा करून पाहिला.
फुलीवरून अंगठा फिरवला.
पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाला,
समजा...
आणि पाणी मागितलं.