यादी भाग एकशे सदतीस

सरकारी कामाची पिशवी: यादी, दोन पेनं, कोरे फॉर्म,
आणि माझी स्वतःची पाण्याची बाटली,
कारण चौथ्या दिवशी इथं कुणाच्या दारात पाणी मागायचं नसतं.

सकाळची शाळा सुटली की मी कुंभारीच्या रस्त्यानं
विडी घरकुलात शिरते.
मयत आहे का, लग्न होऊन गेली का, पुण्याला गेला का?
पुण्याला गेलेलेच जास्त.
त्यांच्यासाठी रकाना आहे: कायमचे स्थलांतरित.
आया म्हणतात, कायमचा नाही ओ बाई, कामापुरता.
मी रकाना रिकामा ठेवते.
नियमात हे बसत नाही.

या गावात नमस्कार चार भाषांत होतो, वाक्य एकच:
पाणी आलं का. नीळ्ळु वच्चिनाया. नीर बंतेन. पानी आया क्या.
आपण वेगवेगळे आहोत
हे सांगायला दर निवडणुकीला
बाहेरून माणूस आणावा लागतो, स्टेज बांधून.

लक्ष्मीनरसव्वा गुंडेटी, अनुक्रमांक चारशे एक.
यादीत वय सत्तर.
"गिरणी बंद पडली तवा धाकटा पोटात होता, तिथनं मोजा."
मी मोजते. साठ येतात.
सरकारनं तिला दहा वर्षं जादा दिलीत,
आणि ती परत करायला अर्ज क्रमांक आठ लागतो.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापानं
पान कापत ती बोलते.
संध्याकाळी मुनीम छाट काढतो,
हजारातल्या साठ-सत्तर बाजूला:
त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत.
"तुमच्या यादीत पण छाट असती की, बाई."
शेजारची शमशादबी शिकलगार मागच्या खेपेला छाटात गेली.
जिवंत बाई, हातात कार्ड,
केंद्राच्या दारात तीन तास उभी.
त्या पानावर खाली सही माझी होती.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वरून विमान जातं.
नातू गच्चीकडे पळतो. लक्ष्मीनरसव्वा मान वर करत नाही,
एक पान वाया जातं.

दारातल्या ड्रमावर झाकण म्हणून फ्लेक्स:
रेवणअण्णा, भावी नगरसेवक, हात जोडून.
उन्हानं उपरण्याचा रंग उडालाय,
कुठल्या पक्षातले असतानाचे अण्णा, कळायला मार्ग नाही.
त्याखाली दुसरा फ्लेक्स, तेच अण्णा, दुसरं उपरणं.
"दोन थर लागत्यात," ती म्हणते, "एकानं धूळ आत जाती."

मधे काही वर्षं सभागृहाला कुलूप होतं.
साहेब एकटेच ठराव मांडायचे, एकटेच मंजूर करायचे,
टाळ्यासुद्धा बहुतेक एकटेच.
आम्ही म्हणायचो, लोकांचं राज्य पाहिजे.
मग कुलूप निघालं, गुलाल उडाला, मुंबईहून फोन आले.
गटार तेव्हाही वाहत होती.
तरी मी म्हणते, कुलूप नको.
भांडायला निदान एक दार असावं.

रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उमटत नाही.
पुन्हा लावा. पुसून लावा. दुसरं बोट लावा.
चाळीस वर्षांत पानानं आणि कात्रीनं
बोटांवरच्या रेषा खाल्ल्या,
यंत्र म्हणतं, ही ती नव्हे.
गहू पुढच्या बाईला.

"शाई मात्र बरोबर लागती," डावी तर्जनी वर करून ती म्हणते,
"शाईला रेषा लागत नाहीत."
हसते की दम लागतो, तंबाखूत कळत नाही.

फॉर्मवर शेवटी 'शेरा' असतो, एक बोटभर जागा.
मी बराच वेळ पेन धरून बसते.
मग लिहिते: समक्ष भेटले. जिवंत.
आणि शमशादबीच्या घराकडे निघणार
तोच चाळीच्या टोकाकडून शिट्टी, आणि चार भाषांत आरडाओरडा.
दोन्ही रेवणअण्णा ड्रमावरून उडून भिंतीला लागतात.

अजून अडतीस घरं राहिलीत.
आता कुणी दारात थांबणार नाही.
पेन अंबाड्यात खोचून मी पाइपचं दुसरं टोक धरते.