दोनशे एकतीस

उपाशीपोटी, सकाळी आठच्या आत,
असं चिठ्ठीवर लिहिलं होतं.
राजारामपुरीतल्या लॅबमध्ये एका पोरीनं
दंड धरून म्हटलं, "काका, मूठ आवळा."
आवळली.
शीर सापडायला तिला तीन चापट्या माराव्या लागल्या.
ह्याच दंडावर एकेकाळी
निळ्या दोऱ्या लांबून दिसायच्या.
नळीवर तिनं लिहिलं: बाबगोंडा चौगुले, ६६.

संध्याकाळी आकडा आला. दोनशे एकतीस.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली मी,
दोन थाऊ इकडंतिकडं झालं तर जॉब परत यायचा.
आकड्याला मी भीत नाही.
पण हा कशाचा, ते घरात सांगता येईना.
सुनेनं विचारलं, "शुगर का?"
म्हटलं, "हं, तसलंच."

सोळाव्या वर्षी दस्तगीर वस्तादानं
लंगोटाची गाठ मारायला शिकवली
आणि कानात सांगितलं,
"हे राखायचं, पोरा. थेंब थेंब राखायचं.
म्हातारपणी हेच कामाला येतंय."
राखलं. लग्न होईस्तोवर राखलं.
स्वप्नात सांडलं तर शंभर जोर जादा मारले,
पहाटे, अंधारात, कुणाला न सांगता.
आता विचारावंसं वाटतं,
वस्ताद, कुठल्या पतसंस्थेत ठेवलं होतं ते?
व्याजाचं राहू द्या,
मुद्दलच दिसत नाही पासबुकात.

डॉक्टर पोरगेला, आजऱ्याकडचा.
म्हणाला, "वजनं उचला, काका. हलकी. आठवड्यातून तीनदा."
"मग आकडा वाढंल?"
तो पेन फिरवत राहिला.
"व्यायाम झाल्याझाल्या चढतो थोडा, मग उतरतो.
आकड्याचं मी सांगत नाही.
जिना चढताना मात्र फरक पडेल."

तालमीत गेलो. त्रेचाळीस वर्षांनी.
हौद आहे तिथंच. मातीला तोच वास,
ताक, हळद, तेल, आणि माणसाचा घाम.
पण पोरं शेजारच्या खोलीत, आरशासमोर.
कोपऱ्यात दगडी नाल होता,
त्याच्या पोकळीत पाण्याच्या बाटल्या उभ्या केलेल्या.
एकानं माझ्या हातात डंबेल्स दिले,
दोन दोन किलोचे, गुलाबी.
"मामा, यानं सुरुवात करा."

रात्री दंड ठणकत होते.
रत्नमाला मलम घेऊन आली.
चोळता चोळता म्हणाली,
"काय कमी झालंय तुमचं, खरं सांगा बघू."
सांगितलं.
हसली असती तर बरं झालं असतं.
"माझं सत्तेचाळिसाव्या वर्षी गेलं," म्हणाली,
"पौषात पंखा लावायची मी.
तुम्ही गोधडी ओढून घ्यायचा
आणि म्हणायचा, येडी झालीस का."
त्या वर्षी मी दोन पाळ्या करत होतो.
मला एवढंच आठवतं.
तिचं रक्त कुणी काढलं नव्हतं,
वरखाली बघत बसायला
तिला कुणी आकडाही दिला नव्हता.
"मग काय केलंस तू?"
"काय करणार? धुणं बडवलं."
आणि दुसरा दंड पुढं ओढला.

तीन महिने झाले.
गुलाबी संपून निळे आलेत, पाच किलोचे.
पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या
मध्ये न टेकता चढतो.
गुरुवारी पुन्हा रक्त द्यायचं होतं.
चिठ्ठी खिशात घालून निघालो,
गंगावेशीत म्हशीपाशी थांबलो.
समोर धार काढली, फेस ओठाला लागला,
पेलाभर कोमट दूध पोटात गेलं
आणि उपाशीपोटीचं तिथंच संपलं.

घरी गॅसची टाकी बदलायची होती.
मुलगा म्हणाला, "आप्पा, थांबा, मी..."
तोवर मी उचलली होती.
ओट्याखाली ठेवताना पाठीमागून
तिचा आवाज आला,
"हळू. फरशी फुटंल."