पांघरूण

मे महिना म्हणजे आमच्याकडे थंडी.
पहाटे बादलीतल्या पाण्यावर काच धरते,
टिटिकाकावरून येणारा वारा
दारालाही दात लावून जातो.

अंगणामागं, मातीच्या दोन काळ्या भिंतींमध्ये
लांबलचक प्लास्टिकची पिशवी निजलेली असते.
दोन गाईंचं शेण, तीस गिनीपिगांच्या लेंड्या
रोज सकाळी मीच भरवते तिला,
एका बादलीला तीन बादल्या पाणी,
काठीनं ढवळून, गाठी मोडून.
खाली, गरम मुलखात, महिन्याभरात जिरतं म्हणे.
आमची तीन महिने चघळते.

दिओनिसिओनं ती आणली ज्योतीसाठी.
पहिल्या दिवशी किटली ठेवली, घड्याळ काढलं,
शेजाऱ्यांना बोलावलं.
निळी ज्योत, तान्ह्याच्या जिभेएवढी.
कोकाच्या पानांचा चहा झाला. सगळे वा म्हणाले.
जूनमध्ये तीच ज्योत
उसने मागायला आलेल्या माणसासारखी
दारात घुटमळली, आणि न बोलता गेली.
"फसलो," तो म्हणाला. "कापून टाकू.
एवढ्या प्लास्टिकात वाफ्यांवर छप्पर होईल."

मी गप्प.
माझं लक्ष पिशवीच्या दुसऱ्या टोकाला,
जिथं पाइपातून
हिरवट-तपकिरी पाणी सावकाश उतरतं.
बिओल म्हणतो आम्ही त्याला.
शेणाचा वास आतच ठेवून आलेलं,
फक्त भिजल्या लोकरीसारखं काहीतरी.

जुन्या परकराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं.
एक डबा बिओल, चार डबे पाणी.
ऊन उतरल्यावर, मुळाशी. कोबीच्या गड्ड्यावर नाही.
लेट्यूसला तर काढणीआधी कितीतरी दिवस दाखवायचंही नाही.
कुणी शिकवलं?
गाजराच्या एका वाफ्यानं.
पहिल्या वर्षी हावेपोटी तसंच दाट ओतलं होतं,
सासूबाई पिवळ्या पानांकडे बघत
आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

माणसानं शेण खाल्लं की मान खाली जाते.
मातीनं खाल्लं
की कांद्याची पात ताठ उभी राहते.

नोव्हेंबरात, ध्यानीमनी नसताना,
एका रात्रीत हिवानं बाकला चाटला.
सकाळी पानं उकडल्यासारखी काळी.
बांधापलीकडे तोरिबिया कपाळाला हात लावून बसली.
मी पाठीवर पंप घेतला.
तीन संध्याकाळी, ओळीमागून ओळ,
खोडांना बिओल पाजत गेले.
सगळं नाही वाचलं. तळ्याकडच्या चार ओळी गेल्याच.
बाकीच्यांच्या पेरांतून दहाव्या दिवशी
मुगाएवढे कोंब.

दिओनिसिओ बांधावर बसून ते मोजत होता,
किटली मोजायचा तसंच, ओठ हलवत.
किती झाले, ते सांगितलं नाही.
तोरिबियाच्या हातात दुसऱ्या दिवशी रिकामा कॅन होता.
तो त्यानं भरून दिला.

पुन्हा मे आला.
मध्यरात्री हुडहुडी भरून मला जाग आली,
अंगावर एकच चादर.
आमच्या लग्नातलं पांघरूण, लाल-काळ्या पट्ट्यांचं,
अंगणामागं चांदण्यात
पिशवीवर पसरलेलं,
चारी टोकांना नीट दगड ठेवलेले.

सकाळी मी शेण कालवत होते.
तो बादली घेऊन आला, पाणी ओतलं.
"रात्री फार गारठते," म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.